चौकशी करूनच पैसे पाठवले

६ जानेवारी, रविवार

बँकेने ही डायरी फुकट दिली. बँक फुकट काही देत नाही, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय. तपास लागेपर्यंत वापरायला हरकत नाही.

नव्या वर्षाचे संकल्प. एक, रोज चालणे. दोन, आफ्रिकेत जाऊन कुडू मारणे. तीन, कुणावरही विश्वास न ठेवणे. तिसरा जुनाच आहे, पण उजळणी बरी.

कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं, घोड्याएवढं हरिण. लहानपणी न्हाव्याच्या दुकानात एका मासिकात फोटो पाहिला, तेव्हापासून डोक्यात बसलाय. आता रिटायर झालो, आता नाही तर कधी? विमा कंपनीसाठी तीस वर्षं लोकांचे दावे तपासले. विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात जळालेला असा एक गोठा नाही, ज्याच्या राखेत उकिडवा बसून मी वास घेतला नाही. वर्लिन टॉर्गरसनला गंडवणारा अजून जन्माला यायचाय.

बायकोचं म्हणणं, आधी स्वयंपाकघराचं छप्पर. गळतंय म्हणे. आर्डिसला कुठलीही गोष्ट वाढवून सांगायची सवय आहे. गळतं ते फक्त बर्फ वितळल्यावर.

१२ जानेवारी, शनिवार

शहरात शिकारीच्या प्रदर्शनाला जाऊन आलो. रॉलीला बरोबर नेलं, म्हणजे गाडी त्याची होती. रॉली आर्डिसचा धाकटा भाऊ. बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. अगदी भोळा सांब. मागे अस्वलाचं म्हणून कातडं विकत घेतलं, ते पावसात भिजल्यावर कुत्र्याचा वास मारायला लागलं. तरी म्हणतो, विकणारा माणूस चांगला होता. त्याच्याकडे धड वस्तू एकच, ती म्हणजे त्याची लाकडी बोट. कित्येक हिवाळे गॅरेजमध्ये खपून स्वतः बांधलेली. बायको गेल्यापासून त्याचा सगळा जीव त्या बोटीत.

आफ्रिकेचे दोन सफारीवाले पारखले.

पहिला नामिबियाचा कोबस. वाळकुडा, बोलायला कंजूष. थोडी अनामत द्या, बाकीचे तिथे आल्यावर, असं म्हणाला. वर म्हणाला की दुष्काळ आहे, कुडू रोडावलेत, घाई नसेल तर पुढच्या वर्षी या. मी लगेच सावध झालो. स्वतःच्या मालाची निंदा करणारा दुकानदार मी आजवर पाहिलेला नाही. गोगलगाय आणि पोटात पाय. याचं नाव खोडलं.

दुसरा दक्षिण आफ्रिकेचा हेनी स्वार्ट. उंच, लाल मानेचा, हात दाबला की बोटं मोडतील. सगळे पैसे मार्चच्या आत भरले तर तीस टक्के सूट देतो. आणि मग माझ्या डोळ्यात बघून म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे नाव नोंदवलेल्या शिकाऱ्यांना विचारा."

असं बोलणारा माणूस लबाड असू शकत नाही. रॉलीला तो कोबस आवडला. यावरूनच काय ते समजावं.

२० जानेवारी, रविवार

चौकशी केली. आपल्यात ती रीतच आहे. डॉक्टर निवडताना कुणी विचारत नाही, पण सफारीवाला निवडताना दोन-चार जणांना फोन केल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही.

ओहायोचा लेरॉय पिंकर्टन. स्वार्टचं नाव काढताच सुरू झाला. उत्तम माणूस, उत्तम कॅम्प, उत्तम जेवण. मी खिंडीत गाठलं, तुम्ही स्वतः काय मारलं? तर म्हणाला, माझी सफारी दोनदा पुढे गेली, या वर्षी नक्की आहे. दोनदा पुढे! म्हणजे मागणी किती असेल. मग मला म्हणाला, "तुम्ही पैसे कधी पाठवताय? लवकर पाठवा हं." आवाजात काळजी होती. परक्या माणसाला माझी एवढी काळजी का? विचार केला आणि लक्षात आलं. माझ्यामुळे त्याला हव्या त्या तारखा जातील अशी भीती वाटते. मत्सर, दुसरं काय.

टेक्सासच्या माणसाचंही तेच. उत्तम, उत्तम, पैसे कधी पाठवताय. दोन वेगवेगळ्या राज्यांतले लोक शब्दाला शब्द तेच बोलतात म्हणजे गोष्ट खरी असणार. गोठ्याच्या आगीत दोन साक्षीदार असे जुळले असते तर मी डोळे मिटून दावा मंजूर केला असता. (तसं कधी केलं नाही.)

चालणे : नाही. बर्फ.

४ फेब्रुवारी, सोमवार

पैसे पाठवायला बँकेत गेलो. खिडकीतल्या मुलीने नको ते विचारलं. या माणसाला ओळखता का, परदेशात एकरकमी का पाठवताय, घरी विचारलंय का. मॅनेजरला बोलावून आणलं. त्यानेही तेच सुरू केलं. पैसे त्यांच्याकडून जातात म्हणून पोटात दुखतंय, दुसरं काही नाही. फुकट डायरीचा अर्थ आता कळला.

मी ताठ उभा राहून सांगितलं की मी चौकशी केलेली आहे.

पैसे गेले. सगळे. सूट मिळाली. छप्पर पुढच्या वर्षी.

आर्डिसला संध्याकाळी सांगितलं. तिने पातेलं उचलून गळतीखाली ठेवलं. जरा जोरातच ठेवलं.

९ मार्च, शनिवार

इंटरनेटवर कुणी निनावी माणसाने लिहिलंय. स्वार्ट ज्यांच्या शेतांवर शिकार करवतो त्या शेतमालकांचं भाडं त्याने थकवलंय, माग काढणाऱ्या माणसांचे पगार झाले नाहीत, या वर्षी येणाऱ्यांच्या पैशातून तो गेल्या वर्षीच्यांना फिरवतो. वाचून हसलो. निनावी कोण लिहितं? ज्याला लपायचंय तो. लपायचं कुणाला आहे? त्या वाळकुड्या कोबसला! शैली ओळखीची वाटली. तोही असंच तुटक बोलत होता.

स्वार्टला ताबडतोब कळवलं, सावध राहा, तुमच्या वाइटावर कुणीतरी आहे. त्याचं तासाभरात उत्तर. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मी उभा आहे, म्हणाला. जाता जाता शिकारीचा परवाना महागलाय म्हणून थोडे आणखी पाठवायला सांगितलं. पाठवले. बँकेत या वेळी दुसऱ्या खिडकीवर गेलो.

१४ एप्रिल, रविवार

सराव जोरात. तिकडे उभ्याने, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर बंदूक टेकवून मारतात. झाडूचे तीन दांडे बांधून परसात उभा राहिलो. बंदुकीऐवजी पडद्याचा गज. शेजारच्या मिसेस गुंडरसन खिडकीतून बघत होत्या. मग शेरिफची गाडी आली. बाईंवर माझा आधीपासूनच संशय होता.

बैठकीच्या खोलीतली मोठी भिंत कुडूच्या मुंडक्यासाठी रिकामी केली. आर्डिसच्या आईच्या बशा उतरवल्या. एक फुटली. ती आधीच तडकलेली होती, असं मी मानतो.

चालणे : तिकाटण्यापर्यंत आणि परत.

१७ मे, शुक्रवार

डॉटीच्या हॉटेलात निरोप समारंभ. शुक्रवारचा तळलेला मासा, ब्रँडी, सगळं गाव. केकवर कुडू काढला होता, बोकडासारखा दिसत होता. मी कुणाला बोलावलं नव्हतं. पण जानेवारीपासून रोज सांगतोय म्हटल्यावर लोकांना राहवत नाही.

रॉलीने भाषण केलं. म्हणाला, "आमचे दाजी चर्चमध्ये गेले तरी आधी घंटा वाजवून बघतात, खरी आहे का. अशा माणसाला कुडू तरी काय फसवणार?" लोक हसले. यात टोमणा होता का? घरी येताना विचार केला. होता असं वाटतं. पण मग त्याने स्वतःची दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. बायकोने दिलेली दुर्बीण. म्हणाला, आफ्रिका बघून येऊ दे तिला.

हा माणूस दुर्बीण का देतोय, यात त्याचा फायदा काय, हे अजून कळलेलं नाही.

३० मे, गुरुवार

उद्या निघायचं.

सकाळी स्वार्टचा निरोप. सफारी पुढे गेली. फाटकाचं काही काम निघालंय, शेतमालकाने साखळी लावलीय. ऑगस्टच्या अखेरीस नक्की. शिवाय एक विनंती, की हे कुणाला बोलू नका. बातमी फुटली की घाबरट लोक पैसे परत मागतात, आणि मग कुणाचीच शिकार होत नाही.

अत्यंत समंजस विचार. विमा कंपनीतसुद्धा आम्ही हेच करायचो.

दोनदा वाचला. ब्रँडी घेतल्यावर बरं वाटलं. फाटक म्हटल्यावर दुरुस्ती निघायचीच.

३१ मे, शुक्रवार

आर्डिसला सांगणं भाग होतं. मी म्हणालो की गावात काही बोलायचं नाही, हा धोरणाचा भाग आहे. केक खाऊन झालेला आहे. आता घरात बसलो तर काय दिसेल? तेव्हा मी दहा दिवस उत्तरेला मिशिगनमध्ये काढतो.

ती म्हणाली, "वर्लिन, मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तर बाहेरगावी गेलाय म्हणेन. पुढचं तुझं तू निस्तर."

मान्य केलं. बाहेरगावी हे खरंच आहे.

रॉली विमानतळावर सोडायला आला. त्याला विमानतळाच्या दारातूनच परत पाठवलं. डोळे पुसत होता, सर्दी असेल. मग बसने उत्तरेला.

३ जून, सोमवार

मोटेल. मालक रोज विचारतो, एकटेच का, मासे धरायला का, गळ कुठाय. फार चौकश्या करतो. लबाड असावा.

दुपारी गाड्या लावतात तिथे खुर्ची टाकून उन्हात बसलो. आफ्रिकेचा रंग चढायला हवा. नाक लाल झालं, बाकी काही नाही. डासांनी मात्र खाल्लं. हे चांगलं, डास तिकडेही असतात.

जेवण : पेस्टी. खिमा-बटाटा भरलेली मोठी करंजी. सकाळी पेस्टी, संध्याकाळी पेस्टी. कॅम्पचं जेवण एकसुरी असतंच.

६ जून, गुरुवार

समोर आमच्या गावच्या चर्चची व्हॅन उभी राहिली. पाद्री, त्यांची बायको, मिसेस गुंडरसन. बर्फाच्या मशिनच्या खोलीत घुसलो आणि ते जाईपर्यंत थांबलो. हात बधिर. मोटेलचा मालक बादली घेऊन आत आला, मला बघून रिकाम्या बादलीनिशीच बाहेर गेला. आता विचारायचं बंद केलंय त्याने. माणूस सुधारला.

एक गोष्ट लिहून ठेवतो. आपण शिकारी आहोत आणि आपणच लपलोय, हे थोडं उलटं वाटलं. पण शिकारीत लपणं येतंच.

१४ जून, शुक्रवार

परत आल्यापासूनचा पहिला शुक्रवार. डॉटीकडे गेलो. दोनच वाक्यं बोलायची ठरवलं होतं. छान झालं, दमलोय.

पण लोक ऐकून घेईनात. रॉलीने सगळ्यांना गप्प केलं, मला मधली खुर्ची दिली. पहिली ब्रँडी त्याने पाजली. मग मी थोडंसं वातावरण सांगितलं, पहाटेची थंडी वगैरे. थंडी मिशिगनमध्येही होतीच. मग कुणीतरी विचारलं, कुडू दिसला का? मी म्हणालो, दिसला. मासिकात दिसलाच होता. मग तो झाडीतून कसा बाहेर आला, मी श्वास कसा रोखला, हे आपोआप आलं. दुसऱ्या ब्रँडीनंतर तो पडला.

मुंडकं कुठाय, असं कुणी विचारलं नाही. आपल्यात सगळ्यांना माहीत आहे, शिंगं आणि कातडं तिकडून जहाजाने यायला वर्ष जातं. रीत चांगली आहे.

रॉली सबंध वेळ हनुवटीला हात लावून ऐकत होता. दुर्बीण परत केली तेव्हा त्याने ती पुसली नाही. म्हणाला, तिकडची धूळ राहू दे.

आर्डिस घरी आल्यावर म्हणाली, "कुडू डाव्या खांद्यावर पडला की उजव्या? आधी डाव्या म्हणालास, नंतर उजव्या. ठरवून घे." बायकांना बारकाव्यांचं फार.

२७ जून, गुरुवार

स्वार्टने विचारलं, चौकशी करणाऱ्यांना तुमचं नाव दिलं तर चालेल ना? मी आता त्याचा खास माणूस. बरं वाटलं. एवढ्या शिकाऱ्यांतून त्याने मला निवडलं.

संध्याकाळीच नेब्रास्काहून एकाचा फोन. शेतकी अवजारांचा दुकानदार, फार संशयी. कॅम्प कसा? उत्तम. जेवण? उत्तम, थोडं एकसुरी. माणूस? उत्तम. मी एकही खोटी गोष्ट सांगितली नाही, मतं सांगितली. मग मला साहजिकच काळजी वाटली. त्याने पैसे भरले नाहीत तर स्वार्टचं काम अडणार, म्हणजे माझं फाटक अडणार. म्हणून विचारलं, "पैसे कधी पाठवताय? लवकर पाठवा हं."

तो म्हणाला, विचार करतो. असे विचार करणारे लोक आयुष्यात काही करत नाहीत.

१२ जुलै, शुक्रवार

डॉटीकडे जायच्या आधी रॉली घरी आला. आर्डिस कांदा चिरत होती. हा टोपी हातात घेऊन उभाच. बस म्हटलं तर बसला नाही.

म्हणाला, "दाजी, मी हसण्यावारी नेत होतो तुम्हाला. पण त्या दिवशीपासून झोप नाही. मी साठीला आलो, या तळ्याच्या पलीकडे काही पाहिलं नाही. बोटीला गिऱ्हाईक आलंय."

आर्डिसची सुरी थांबली.

"स्वार्टशी बोललो. सगळे एकदम भरले तर सूट देतो म्हणे. बाकी कुणाला फोन करत बसणार नाही, तेवढी अक्कल नाही मला. मी आयुष्यात जे जे घेतलं त्यात फसलो. तुम्ही कधी फसला नाहीत. तुम्ही तिथे जाऊन आलात. तुम्ही सांगा, पाठवू का?"

इथे सगळं नीट लिहून ठेवतो, पुढे कुणी विचारलं तर. खरं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण आज सकाळीच स्वार्टने कळवलं होतं की एका माणसाचे पूर्ण पैसे आले की शेतमालकाचा हिशेब मिटतो, साखळी निघते आणि माझी सफारी पक्की. म्हणजे रॉलीने पैसे भरले की फाटक उघडणार, फाटक उघडलं की माझी शिकार होणार, माझी झाली की मी सांगितलेलं सगळं खरं होणार, आणि पाठोपाठ रॉलीचीही होणार. यात कुणाचं नुकसान आहे? उलट आता खरं बोललो तरच सगळ्यांचं नुकसान आहे.

मी म्हणालो, "पाठव."

त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरला. आर्डिस मागच्या दाराने बाहेर गेली. कांद्याने डोळे झोंबले असतील.

मासा आज कडक होता. डॉटीने तेल बदललेलं नाही असा संशय.

२१ जुलै, रविवार

बोट गेली. शिकागोचा कुणी दंतवैद्य घेऊन गेला. रॉली ट्रेलरमागे रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेला म्हणे. मी जाऊ शकलो नाही. गुडघा.

स्वार्टचं उत्तर : पैसे मिळाले, आभार, तारखा लवकरच. ऑगस्ट लिहायला विसरला. घाईत असेल.

संकल्प : शिकार झाल्यावर रॉलीला एक छोटी बोट घेऊन देणे. वापरलेली.

४ ऑगस्ट, रविवार

स्वार्टचं उत्तर नाही. तिकडे हिवाळा आहे. थंडीत माणूस कमी लिहितो.

रॉली रोज येतो. कुठले बूट, किती मोजे, तिकडे चहा कसा मिळतो. चहा उत्तम, म्हटलं. त्याने झाडूचे तीन दांडे बांधून घेतलेत. शेरिफने त्याला काही म्हटलं नाही. उलट मदत केली. या गावात माणूस बघून कायदा लावतात.

११ ऑगस्ट, रविवार

स्वार्टचा फोन लागत नाही. हा नंबर अस्तित्वात नाही असं बाई सांगते. बाईच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा? सात वेळा लावून पाहिला. बाई ठाम आहे.

ओहायोच्या पिंकर्टनला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. मी स्वार्टचं विचारलं तर हसला, पण ते हसू बरं नव्हतं. म्हणाला की मालकांनी शेतं काढून घेतली, गाड्या जप्त झाल्या, माणूस कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही.

मी म्हणालो, "पण तुम्ही तर उत्तम म्हणाला होता."

"मग काय म्हणणार होतो? माझे पैसे अडकले होते त्याच्याकडे. तुमचे आले तर माझी सफारी सुटणार होती. तुम्ही पण गेला नाहीत ना? मग तुम्ही लोकांना काय सांगत होता?"

मी फोन ठेवला.

अंगाची लाही लाही झाली. एका सभ्य माणसाने फोनवर विचारावं आणि दुसऱ्याने स्वतःच्या स्वार्थासाठी धडधडीत खोटं सांगावं? तीस वर्षांत असला निर्ढावलेला माणूस पाहिला नाही. ओहायोच्या लोकांवर यापुढे विश्वास नाही.

नेब्रास्काच्या दुकानदाराचा विचार मनात आला. त्याने पैसे पाठवले असतील का? फोन करून विचारणार होतो. नंबर सापडला नाही. फार शोधलाही नाही.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

डॉटीकडे गेलो नाही. पोट बरं नाही असं कळवलं. आर्डिसने कळवलं नाही, मीच कळवलं.

रॉलीला आज सांगायचंच असं सकाळी ठरवलं. दुपारी वाटलं उद्या जास्त बरं. शुक्रवारी माणूस मजेत असतो, कशाला त्याची संध्याकाळ नासवा.

१७ ऑगस्ट, शनिवार

रॉलीला सांगायची वेळच आली नाही. त्याचाही स्वार्टला फोन लागत नव्हता, म्हणून तोच घरी आला. चेहरा उतरलेला. मला वाटलं, कळलं याला. खुर्चीची पाठ धरून ठेवली.

तो म्हणाला, "दाजी, माझंच काहीतरी चुकलं. बँकेचा नंबर लिहिताना एखादा आकडा इकडचा तिकडे केला असणार मी. बिचारा स्वार्ट वाट बघून कंटाळला असेल. तुमचं सगळं नीट झालं, मग माझंच कसं अडेल? माझ्याच हाताला यश नाही."

मी म्हणालो, पैसे मिळाले असं त्याने कळवलं होतं की. तर म्हणाला, "थोडेच मिळाले असतील, भिडेने बोलला नसेल. चांगला माणूस आहे, तुम्हीच म्हणाला होता."

आयुष्यभर लोकांनी माझ्यासमोर बसून खोटं सांगितलं आणि मी ते पकडलं. समोरचा इतका खरं बोलतोय, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. काय करायचं ते सुचेना.

रॉलीचं ठरलंय. तो स्वतः तिकडे जाणार. बोटीच्या पैशातले राहिलेले आहेत त्यातून विमानाचं तिकीट, समोरासमोर बसून स्वार्टची माफी मागायची आणि हिशेब मिटवायचा. वहीचं पान काढलं, पेन्सिल ओली केली आणि मला म्हणाला, "विमानतळातून बाहेर पडलं की स्वार्टच्या शेताकडे डावीकडे वळायचं का उजवीकडे?"

आर्डिस शेगडीपाशी पाठ करून उभी होती. ती वळली. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, ती मला वेळ देत होती. बराच दिला.

मी म्हणालो, "डावीकडे."

रॉलीने लिहून घेतलं.

आर्डिसने गॅस बंद केला, हात पुसले आणि त्याला म्हणाली, "रॉली, एक तिकीट नको, दोन काढ. वर्लिनला घेऊन जा. रस्ता त्याला पाठ आहे."

रॉली रडायलाच लागला. म्हणाला, ताई, दाजींना परत एवढा त्रास कशाला. ती म्हणाली, त्रास कसला, त्याला आवडतं तिकडे. माझा गुडघा, माझं पोट, पासपोर्ट, कुणी काही ऐकलं नाही. पासपोर्ट तिने फडताळातून काढून टेबलावर ठेवला. कोराच आहे, एकही शिक्का नाही. रॉलीने उघडून पाहिला नाही. विश्वासू माणूस आहे.

मंगळवारी निघायचं. शेवटी आफ्रिकेला चाललो. बंदूक न्यायची नाही असं आर्डिस म्हणते. सामान तीच भरतेय, मला हात लावू देत नाही.

संकल्प : रॉलीला विमानात सांगणे. प्रवास फार लांबचा आहे म्हणतात, कुठेतरी वेळ मिळेल. खिडकीजवळची जागा त्याला द्यायची. सुरुवात जेवण झाल्यावर करावी.